कुलाब्याच्या सुईची साक्ष

निसर्गाच्या रौद्र रूपाचा मागोवा घेण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा संशोधकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग त्या रूपाच्या सन्निध जाणाऱ्यांचा. २०१७ सालच्या २३ जानेवारी रोजी गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधु संकल्प' ह्या नौकेवरून अंदमानच्या समुद्रात तळाचे नमुने गोळा करीत होते. तोच बॅरन बेटावरील ज्वालामुखी एकाएकी धुमसू लागला. सुमारे मैलभर अंतर राखून त्यांनी दिवसा राखेचे लोट आणि रात्री तप्त रसाचे तांबडे फवारे पाहिले व त्यांची नोंद केली. अशा हकिकती ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. दुसरा वर्ग मात्र कोठेही जात नाही. तो एका जागी बसतो, ठरल्या वेळी ठरलेले पाहतो, आणि जे दिसेल ते वहीत टिपतो. वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. आणि एखाद्या दिवशी जे घडते ते केवळ तो बसलेला होता म्हणून जगास कळते. ह्या दुसऱ्या वर्गातील एका पुरुषाची, आणि ज्या वेधशाळेचा भार त्याने वाहिला तिची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो पुरुष म्हणजे नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस, आणि ती वेधशाळा म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा.

आमच्या केशवापुरास मुंबईच्या वेधशाळेशी काय कर्तव्य, असा प्रश्न एखादा वाचक करील. परंतु धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई इलाख्याचा व मुंबई राज्याचा भाग होता, आणि इलाख्याची वेधशाळा ती आमचीही वेधशाळा होती. शिवाय ह्या हकिकतीत जो मुद्दा आहे तो मुंबईचा नाही, हुबळीचाही नाही. अखंड नोंद म्हणजे काय आणि तिचे मोल कोणास, केव्हा कळते, हा तो मुद्दा आहे. देवस्थानांच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजास तो मनाला लावून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये बांधली ती जहाजांस अचूक वेळ कळावी व ताऱ्यांचे वेध घेता यावेत ह्यासाठी. पुढे युरोपात गाऊस व वेबर ह्या जर्मन पंडितांच्या प्रेरणेने पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एकाच वेळी अनेक देशांत मापन करण्याची चळवळ सुरू झाली. तिला अनुसरून कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई अशा चार ठिकाणी चुंबकीय वेधांची योजना केली. मुंबईत १८४१ मध्ये हे काम सुरू झाले आणि एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार ह्यांच्याकडे ते सोपविण्यात आले. बाकीच्या तिन्ही ठिकाणचे काम कालांतराने बंद पडले. मुंबईचे मात्र चालू राहिले, आणि १८४६ पासूनच्या तेथील नोंदी एका सलग मालिकेत आजवर आल्या आहेत.

ह्या वेधशाळेचा आपल्या मराठी वाङ्मयाशीही निकटचा ऋणानुबंध आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. ऑर्लेबार ह्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राबलेले केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. छत्र्यांनी पुढे १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. त्या गणितावरून १८६५ पासून निघू लागलेले पटवर्धनी पंचांग ज्यांच्या घरी देवघरातल्या खुंटीला टांगलेले असे, अशी कुटुंबे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत थोडी नव्हती. सण, व्रते व ग्रहणे ह्यांचा निर्णय करणारे ते गणित आणि कुलाब्याची ती सुई ह्यांना एकाच घराण्याची भावंडे म्हणावयास हरकत नाही.

ह्या सुईचे काम तरी काय, ते येथे सांगितले पाहिजे. पृथ्वी स्वतःच एक मोठा लोहचुंबक आहे हे सर्वांस ठाऊक आहे. होकायंत्र चालते ते त्यामुळेच. परंतु हे चुंबकीय बल स्थिर नसते. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे ते किंचित वाढते व किंचित घटते, आणि क्वचित एकाएकी खवळते. हा फरक इतका सूक्ष्म असतो की उघड्या डोळ्यांस सुई हललेली दिसतसुद्धा नाही. म्हणून वेधशाळेत एक चुंबक धाग्यांनी टांगलेला असे, त्याला एक लहान आरसा जोडलेला असे, आणि काही अंतरावर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात पडलेले मोजपट्टीचे प्रतिबिंब पाहिले जाई. चुंबक केसभर वळला तरी पट्टीवरचा आकडा सरकलेला दिसे. तो आकडा सहायकाने दर तासास वाचावयाचा व वहीत लिहावयाचा. रात्र असो की पाऊस असो, तास चुकवावयाचा नाही. सुई अस्वस्थ झालेली दिसली तर तासाची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी, आणि फारच खवळली तर दर पाच मिनिटांनी वाचन घ्यावयाचे, असा तेथील शिरस्ता होता.

आता १८५९ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या १ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलज्ञ सूर्यबिंबावरील डागांचे चित्र काढीत होते. डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन ठिकाणी डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश त्यांना एकाएकी दिसला, आणि सुमारे पाच मिनिटांत तो नाहीसा झाला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ कोसळले, त्याच्या तोडीची वादळे त्यानंतरच्या इतिहासात फारच थोडी झाली. उत्तर ध्रुवाकडे दिसणारा आकाशातील रंगीत प्रकाश त्या रात्री क्यूबा बेटापर्यंत दिसला. अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. बोस्टन व पोर्टलंड ह्या शहरांतील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या, आणि केवळ आकाशातून आलेल्या विजेवर निरोप पाठविले.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. सूर्य वर आलेला असल्यामुळे आकाशात कोणास काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बाजार भरला असेल, देवळांतून पूजा-नैवेद्य चालू असतील, बंदरात माल चढत-उतरत असेल. शहरातील कोणाही माणसास आपल्या डोक्यावरून काय चालले आहे ह्याची जाणीव होण्याचे साधन नव्हते. अपवाद एका खोलीचा. त्या खोलीतील दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या सहायकास पट्टीवरचा आकडा घसरताना दिसू लागला. दुपार होण्यापूर्वी थोड्याच अवधीत पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाली, म्हणजे त्या बलाचा साधारण पंचविसावा हिस्सा नाहीसा झाला. सामान्य दिवसाचा चढउतार ह्याच्या मानाने अगदी क्षुल्लक असतो. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख असलेले इंडियन नेव्हीचे अधिकारी फर्गसन ह्यांनी त्या वर्षीच्या नोंदी पुढील वर्षी छापून काढल्या. छापल्या, आणि त्या कपाटात गेल्या. सूर्यावरच्या त्या प्रकाशाचा आणि मुंबईतल्या त्या आकड्यांचा काय संबंध, हे सांगू शकेल असे शास्त्र तेव्हा निर्माणच झाले नव्हते.

येथे वकिली पेशातील मनुष्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. न्यायालयात साक्षीदाराने सांगावयाचे असते ते त्याने काय पाहिले एवढेच. त्याचा अर्थ काय हे ठरविणे हे दुसऱ्याचे काम. चांगला साक्षीदार तो, जो आपल्याला न समजलेली गोष्टही जशीच्या तशी सांगतो. आणि वाईट साक्षीदार तो, जो न समजलेले वगळतो किंवा समजेल असे करून सांगतो. त्या दिवशी कुलाब्यास जो सहायक बसला होता त्याला मोह होण्यास पुष्कळ जागा होती. आकडा इतका विपरीत होता की यंत्र बिघडले असे समजून पान कोरे ठेवले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. दिसले ते लिहिले, आणि शिरस्त्याप्रमाणे वाचनांतील अंतर कमी करून लिहीत गेला. त्याचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही. पण त्याच्या त्या प्रामाणिकपणावर पुढचे सर्व शास्त्र उभे आहे.

तज्ज्ञांची मते बदलतात, नोंद बदलत नाही, ह्याचेही एक उदाहरण ह्याच प्रकरणात आहे. १८७२ च्या ४ फेब्रुवारीस असेच दुसरे प्रचंड वादळ झाले. त्या रात्री मुंबईच्या आकाशातही तो ध्रुवप्रकाश दिसला, आणि मुंबई व एडन ह्यांमधील समुद्रातील तारेचे दळणवळण काही तास बिघडले. इतके होऊनही, वीस वर्षांनंतर, १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन ह्यांच्यासारख्या अग्रगण्य शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीच्या व्यासपीठावरून असे प्रतिपादिले की सूर्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळे होतात ही कल्पना टिकणारी नाही. हे मत चुकीचे ठरले. परंतु केल्व्हिनसाहेबांचे मत प्रमाण मानून कोणी कुलाब्याच्या वह्या रद्दीत घातल्या असत्या तर ते चुकीचे होते हे दाखविण्याचा एक मोठा आधारच गेला असता.

ह्या पार्श्वभूमीवर नानाभाई मूस ह्यांचे कार्य पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म त्याच १८५९ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. त्यांचे उच्च शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झाले, आणि तेथील रॉयल सोसायटीचे सभासदत्वही त्यांना मिळाले. तीसएक वर्षे वेधशाळेचा कारभार पाहिलेले चार्ल्स चेंबर्स १८९६ मध्ये निवर्तले, तेव्हा ती जागा मूस ह्यांच्याकडे आली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांचाच उल्लेख होतो. साल मोठे कठीण होते. त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला. लोक शहर सोडून पळत होते, आणि तो रोग पुढच्या दोन वर्षांत आमच्या हुबळी-धारवाडापर्यंत येऊन पोचला. अशा काळात वेधशाळेतील नोंदींची परंपरा त्यांनी खंडित होऊ दिली नाही. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर देशात भूकंपलेखक यंत्रे बसविण्यास आरंभ झाला, त्यांतले एक कुलाब्यास आले, आणि जमिनीच्या कंपांची नोंदही मूस ह्यांच्या देखरेखीखाली होऊ लागली. १९०३ च्या ३१ ऑक्टोबरचे मोठे चुंबकीय वादळ त्यांच्याच कारकिर्दीत कुलाब्याच्या यंत्रांनी टिपले.

परंतु त्यांच्या कारकिर्दीतील खरी कसोटीची वेळ आली ती वादळामुळे नव्हे, तर ट्रामगाडीमुळे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत. शतक उलटताना त्या विजेवर चालविण्याची योजना पुढे आली. विजेचा प्रवाह जेथे वाहतो तेथे त्याभोवती चुंबकीय बल निर्माण होते. ट्रामच्या रुळांतून व जमिनीतून वाहणारा प्रवाह कुलाब्याच्या नाजूक सुईस दिवसभर हलवीत राहणार, आणि मग सुई हलली ती सूर्यामुळे की ट्राममुळे हे कोणासच सांगता येणार नाही, हे उघड होते. साक्षीदाराच्या कानाशी कोणी अखंड कुजबुजत बसावे तसाच हा प्रकार.

येथे दोन सोपे मार्ग होते. ट्राम नको असा हट्ट धरावा, हा एक; पण लाखो लोकांची सोय अडवून धरणारा तो आग्रह टिकला नसता, आणि टिकावा असेही कोणी म्हणणार नाही. किंवा पन्नास-साठ वर्षांचे काम झाले, आता पुरे, असे म्हणून चुंबकीय वेध बंद करावे, हा दुसरा. मूस ह्यांनी तिसरा, कष्टाचा मार्ग पत्करला. खाडीपलीकडे, मुंबईपासून अदमासे तीस किलोमीटरवर, अलिबाग येथे त्यांनी नवी जागा निवडली. आंग्र्यांचे हे गाव शांत, विजेच्या गोंगाटापासून दूर, आणि मुंबईच्या जवळच्याच अक्षांशावर. त्याच्या समोर समुद्रात उभा असलेला किल्लाही कुलाबाच, आणि १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळेपर्यंत तो जिल्हाही कुलाबाच; तेव्हा सुई एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यास गेली असे म्हणता येईल. छत्र्यांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर, हा आणखी एक योग.

अलिबागच्या इमारती कशा बांधल्या ते पाहण्यासारखे आहे. त्यांत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नव्हता. लोहांश नसलेला पोरबंदरचा दगड आणविला, खिळे-बिजागऱ्यांसाठी तांबे-पितळ वापरले. आतील खोलीचे तापमान बदलू नये म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना केली. आत जाणाऱ्याने खिशातील किल्ल्या बाहेर ठेवून जावे, इतके सोवळे तेथे पाळावे लागते. गर्भागारात जाताना आपल्याकडे जी शुचिता सांभाळतात तिचे कारण निराळे; परंतु आतील वस्तूस बाहेरचा स्पर्श होऊ नये ही दक्षता तीच.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९०४ मध्ये अलिबागची यंत्रे चालू झाली, परंतु कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. नवी सुई आणि जुनी सुई ह्यांच्यात जागेमुळे किती अंतर पडते ते त्यामुळे नेमके कळले, आणि जुन्या मालिकेस नवी मालिका सांधली गेली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. तोवर सुई सुरक्षित स्थळी स्थिर झालेली होती.

ही गोष्ट वाचताना आम्हांस आपल्या पूर्वजांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सोळाव्या शतकात गोमंतकात देवालयांवर संकट आले, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्यांनी रात्रीच्या अंधारात ती दैवते डोक्यावरून नेली त्यांनी मंदिर वाचविण्याचा व्यर्थ अट्टाहास केला नाही, आणि मंदिर गेले म्हणून उपासनाही सोडली नाही. जागा बदलली, पूजा चालू राहिली, असे आपली परंपरा सांगते. मूस पारशी होते. अग्यारीतील अखंड अग्नीचा अर्थ त्यांना कोणी शिकवावयास नको होता, जसा नंदादीपाचा अर्थ आपल्याला शिकवावा लागत नाही. शास्त्रीय वेध व देवपूजा ह्या भिन्न गोष्टी आहेत हे आम्ही जाणतो. परंतु जे आपल्या हाती खंडित न होता आले ते पुढच्याच्या हाती खंडित न होता द्यावे, हा धर्म दोन्हीकडे समान आहे.

अलिबागची घडी बसल्यावर मूस जुन्या वह्यांकडे वळले. १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, मांडल्या आणि त्यांची चिकित्सा केली; तो ग्रंथ १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोठमोठी वादळे त्यांनी एकत्र ठेवून ताडून पाहिली, तेव्हा त्या वरकरणी बेबंद दिसणाऱ्या उत्पातांतही एक क्रम आढळला. प्रथम एकाएकी बल किंचित वाढते, मग पुष्कळ घसरते, आणि मग दिवसानुदिवस हळूहळू पूर्वपदावर येते. एकेका वादळाकडे पाहून हा क्रम दिसत नव्हता. साठ वर्षांची वादळे शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसला. चुंबकीय वादळांची मीमांसा ज्यांनी पुढे केली त्या सिडनी चॅपमन प्रभृती शास्त्रज्ञांनी मूस ह्यांच्या ह्या कामाचा आदराने उपयोग केला. १९१९ च्या सुमारास मूस निवृत्त झाले. तेवीस वर्षांची ती कारकीर्द. तीत ते कोणत्याही ज्वालामुखीच्या तोंडाशी गेले नाहीत, की कोणत्याही वादळात सापडून वाचले नाहीत.

फर्गसनच्या त्या छापील वहीचे पुढे काय झाले? १९७१ मध्ये कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे चुंबकीय कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रूपाने स्वतंत्रपणे उभे राहिले. त्या संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेल येथे आहे. २००३ मध्ये ह्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा उकलून प्रसिद्ध केल्या. तेव्हा कळले की युरोपातील पुष्कळ यंत्रे त्या दिवशी मोजपट्टीच्या बाहेर गेली होती, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून त्या वादळाचे भरघोस चित्र देणारी नोंद ती कुलाब्याचीच. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी साक्षीदाराचा जबाब वाचला गेला. त्या आकड्यांचा अर्थ लावण्यात आजही मतभेद आहेत. १६०० चा क्षणिक तळ धरावा की तासाची सरासरी घेऊन साडेनऊशेच्या आसपासचा आकडा धरावा, ह्याविषयी विद्वान वाद करतात. वाद अर्थाचा आहे. नोंद खोटी असे कोणी म्हणत नाही.

आणि हा वाद केवळ पंडिती नाही. १९८९ च्या १३ मार्चला, त्याच मापाने सहाशेच्या आत राहिलेल्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि सुमारे साठ लक्ष लोक नऊ तासांपर्यंत अंधारात राहिले. २०२४ च्या मे महिन्यातील वादळ चारशेच्या आसपासचे. त्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाशातील तांबडी आभा टिपली गेली. १८५९ सारखे वादळ आज आले तर वीजवाहिन्या, उपग्रह, विमाने व दळणवळण ह्यांचे किती नुकसान होईल ह्याचा विचार जगभर चालू आहे. अशा विचारात सर्वांत वाईट काय घडू शकते हे ठरविताना ज्या थोड्या पुराव्यांचा आधार घ्यावा लागतो, त्यांत कुलाब्याची ती पाने आहेत. म्हणजे एका अज्ञात सहायकाने लिहिलेल्या ओळी रुग्णालयातील दिव्यांच्या रक्षणासाठी आज उपयोगी पडत आहेत.

आता ह्या हकिकतीतून आपल्या समाजाने काय घ्यावे ते थोडक्यात सांगतो. नियमित व्यवहाराच्या ओघात ठेवलेल्या वहीस कायदा पुरावा म्हणून स्थान देतो. भारतीय पुरावा अधिनियम मंजूर झाला तोही १८७२ च्या मार्चमध्येच, त्या दुसऱ्या वादळानंतर दीड महिन्याच्या आत. २०२४ च्या जुलैपासून नवा साक्ष्य अधिनियम आला तरी ते तत्त्व कायम राहिले आहे. त्या वहीचे बळ तिच्या नियमितपणात असते. प्रसंग आल्यावर लिहिलेल्या कागदावर न्यायाधीश संशय घेतो. रोजच्या रोज लिहिलेल्या वहीवर सहसा घेत नाही.

आपल्या देवस्थानांत अशा वह्या होत्या. नैवेद्याच्या तांदळाचा हिशेब, तेलाचा खर्च, देवस्वाच्या जमिनींचे उत्पन्न, पालखी कोणत्या वर्षी निघाली नाही व का निघाली नाही, ह्या सर्वांची कीर्द लिहिली जाई. खंड माफ केला असेल तर त्यामागे अवर्षण असेल, उत्सव बंद राहिला असेल तर त्यामागे पटकी किंवा प्लेग असेल, कुंपणाची भिंत पुन्हा बांधल्याचा खर्च असेल तर त्यामागे पूर असेल. लिहिणाऱ्या कारकुनास आपण निसर्गाचा इतिहास लिहीत आहो ह्याची कल्पना नव्हती. कुलाब्याच्या सहायकासही नव्हती. सरकारी नोंद असताना ह्या गावगाड्याच्या वह्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल, त्यास एक उदाहरण पुरे. २००५ च्या २६ जुलैस मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात ही तफावत. मग गावागावांतील फरक दूरच्या वेधशाळेस कसा कळावा?

आणि ह्या वह्यांची आज अवस्था काय आहे? आमच्या व्यवसायाच्या निमित्ताने एका देवस्थानाचे जुने दफ्तर पाहण्याची वेळ आली असता, जीर्णोद्धाराच्या वेळी अडगळ म्हणून ते रद्दीच्या भावाने दिले गेल्याचे कळले. सभामंडपास संगमरवर बसला होता, आणि ज्या सनदांच्या व वह्यांच्या बळावर त्या मंडपाखालची जमीन देवाची ठरावयाची त्या गेल्या होत्या. नाव घेण्याचे कारण नाही. थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी हेच घडत आहे. कोणी वाईट हेतूने करतो असेही नाही. मोडी वाचणारे राहिले नाहीत, कपाटास जागा नाही, आणि आज उपयोग दिसत नाही, ही तीन कारणे पुरेशी होतात.

मूस ह्यांच्या काळीही आज उपयोग काय हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यांनी उपयोगाची वाट न पाहता वह्या जपल्या, जागा बदलावी लागली तेव्हा आधी नवी जागा सिद्ध केली, आणि दोन वर्षे दोन्ही दिवे तेवत ठेवून मगच जुना दिवा शांत केला. आपले विश्वस्त, महाजन व मोक्तेसर ह्यांस आमची विनंती एवढीच की जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात एक कोरडे कपाट आणि मोडी जाणणारा एक मनुष्य ह्यांचाही खर्च धरावा. जुन्या वह्यांची छायाचित्रे काढून मगच त्या हलवाव्यात. आणि रोजच्या पूजेच्या नोंदीशेजारी आजचा पाऊस, आजची वीज, आजचा पूर ह्यांची एक ओळ पुजाऱ्याने किंवा कारकुनाने लिहावी. त्या ओळीचा अर्थ आपल्या हयातीत कोणी लावील न लावील. अलिबागची सुई आजही चालू आहे. ती कोणास विचारीत बसलेली नाही.